पायरी आणि प्रारब्ध

महाभारताच्या वनपर्वात अष्टावक्राचे उपाख्यान आहे. आठ ठिकाणी वाकलेल्या शरीराचा तो कुमार आपला मामा श्वेतकेतू याच्यासह जनकाच्या यज्ञमंडपाकडे निघाला असता वाटेत खुद्द राजाशीच त्याची गाठ पडली. राजासाठी वाट सोडावी असे जेव्हा त्याला सांगण्यात आले, तेव्हा त्याने निर्भयपणे उत्तर दिले की वाट कोणाची याचा निवाडा आधीच झालेला आहे. ती आंधळ्याची आहे, बहिऱ्याची आहे, स्त्रीची आहे, ओझे वाहणाऱ्याची आहे, आणि समोर ब्राह्मण नसेल तर राजाची आहे. जनकाने ते मान्य केले आणि वाट दिली. अशीच आज्ञा मनुस्मृतीतही आढळते. रोगी, अतिवृद्ध आणि भारवाही यांना वाट द्यावी असे तीही सांगते. या नियमात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वाटेवर आलेल्या आंधळ्याने कोणाची विनवणी करावी, कोणाच्या अंतःकरणाला पाझर फुटण्याची वाट पाहावी, असे येथे कोठेही म्हटलेले नाही. ज्याला दिसते, ज्याचे पाय धड आहेत, त्याने बाजूला व्हावे, एवढेच म्हटले आहे. कर्तव्याचा भार समर्थावर आहे, आणि असमर्थाच्या पदरी याचना नाही.

परंतु ज्या परंपरेने आंधळ्याला वाट दिली, त्याच परंपरेने त्याला वाटा मात्र दिला नाही. धृतराष्ट्र वडील असूनही केवळ अंधत्वामुळे राज्य पांडूकडे गेले. ही कथा सर्वश्रुत आहे. पण ती राजकुलापुरती होती असे समजण्याचे कारण नाही. जन्मांध, बधिर, मूक, उन्मत्त आणि इंद्रियहीन यांना वडिलार्जित मालमत्तेत हिस्सा नाही, असे मनू स्पष्ट सांगतो, आणि लगेच पुढे असेही सांगतो की अशांना आयुष्यभर अन्नवस्त्र दिलेच पाहिजे, न देणारा पतित होतो. याज्ञवल्क्याचे म्हणणे याहून फारसे निराळे नाही. हा शिरस्ता पोथीतच राहिला असता तर त्याचा एवढा ऊहापोह करण्याची गरज नव्हती. पण इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनी हिंदूंचा वारसाहक्क म्हणून तोच अंमलात आणला, आणि १९२८ साली कायदा करून तो बव्हंशी रद्द करावा लागला. जन्मापासून वेडसर असलेल्यांना त्या कायद्यानेही दाराबाहेरच ठेवले होते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने रोग, व्यंग वा वैगुण्य यांमुळे कोणाचाही वारसा बुडणार नाही असे ठरविले, तेव्हा हा प्रश्न कागदावर तरी निकालात निघाला.

पोटाला मिळेल, पण हिस्सा मिळणार नाही, ही विभागणी केवळ आपल्याच धर्मशास्त्राची आहे असे मात्र नव्हे. ज्यूंच्या लेवीय नामक धर्मग्रंथात आंधळ्यापुढे अडखळण ठेवू नये अशी आज्ञा आहे, आणि त्याच ग्रंथात थोडे पुढे असेही आहे की याजकाच्या कुळात जन्मलेल्या पण देहात व्यंग असलेल्या पुरुषाने वेदीजवळ जाऊ नये. पवित्र अन्न मात्र त्याने खावे. दोन दूरदूरच्या संस्कृतींनी एकमेकींचे न पाहता एकच मर्यादा आखावी, हे विचार करण्याजोगे आहे. भुकेल्या माणसाला पाहून मनुष्याचे मन द्रवते आणि तो घास काढून देतो. पण आपल्या पंक्तीला, आपल्या सभेत, आपल्या देवापुढे त्याला बरोबरीची जागा देण्याची वेळ आली की त्याचा हात आखडतो. दया तेथे थांबते, आणि न्यायाचा प्रश्न नेमका तेथून सुरू होतो.

या आखडत्या हाताला आपल्याकडे एका तत्त्वज्ञानाचा आधार सापडला, आणि तो म्हणजे कर्मसिद्धान्त. कोणत्या पापाने पुढच्या जन्मी कोणते व्यंग येते याच्या याद्याच स्मृतींमध्ये आणि कर्मविपाकावरील ग्रंथांमध्ये दिलेल्या आहेत. आजही एखाद्या घरात पाय लुळे असलेले मूल जन्मास आले तर शेजारीपाजारी आईला जे बोलतात, किंवा बोलत नाहीत पण डोळ्यांनी दाखवितात, त्याच्या तळाशी ती यादीच असते. प्राक्तनाचे भोग आहेत, भोगूनच संपवायचे, असे एकदा म्हटले की इमारतीला उतार बांधण्याचा, शाळेत ब्रेलची पुस्तके ठेवण्याचा, सभेत खुणांची भाषा जाणणारा माणूस उभा करण्याचा प्रश्नच मिटतो. कारण दैवानेच जेथे निवाडा दिला आहे तेथे ग्रामपंचायतीने काय करावे?

ज्या अष्टावक्राचा दाखला वर दिला, त्याचेच चरित्र या यादीला छेद देणारे आहे. त्याचे अंग वाकडे झाले ते त्याच्या पूर्वजन्मीच्या पापाने नव्हे. गर्भात असता त्याने पित्याच्या पठणातील दोष दाखविला आणि संतापलेल्या पित्याने शाप दिला, असे कथा सांगते. म्हणजे अपराध दुसऱ्याचा, आणि शरीर ह्याचे. योहानाच्या शुभवर्तमानातही जन्मांध मनुष्याला पाहून शिष्य येशूला विचारतात की पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे. आणि उत्तर मिळते की दोघांचेही नव्हे. तरीही वादापुरते कर्मसिद्धान्ताला बाजूला सारू नये, तो संपूर्ण मान्य करावा, आणि मग त्यातून काय निष्पन्न होते ते पाहावे, असे मला वाटते. कारण माझ्या वाचकांपैकी पुष्कळांची त्यावर श्रद्धा आहे, आणि श्रद्धेचा उपहास करून कोणाचेच मन पालटत नाही.

आपल्या शास्त्रकारांनी कर्माचे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे भेद केले आहेत. साठलेले ते संचित, त्यातील जे फळास आले ते प्रारब्ध, आणि या क्षणी आपण जे करीत आहो ते क्रियमाण. लोकमान्यांनी गीतारहस्यात कर्मविपाकाबरोबरच आत्मस्वातंत्र्याचा विचार एकाच प्रकरणात केला, त्याचे कारणही हेच की कर्माचा नियम आणि मनुष्याचे स्वातंत्र्य यांची फारकत केली तर कर्मयोगच उरत नाही. आता या भेदाच्या कसोटीवर आपला प्रश्न घासून पाहू. एखाद्याची दृष्टी गेली, हे त्याचे प्रारब्ध आहे असे घटकाभर मानू. पण रस्त्याच्या कडेची मोरी उघडी आहे हे कोणाचे प्रारब्ध? एखाद्याच्या पायांत बळ नाही हे दैव मानू. पण कचेरी दुसऱ्या मजल्यावर नेण्याचा ठराव दैवाने केला काय? तो ठराव माणसांनी केला, त्यावर सह्या माणसांच्या आहेत, आणि ज्या क्षणी ती इमारत पायऱ्यांवर उभी राहिली त्या क्षणी ती पायरी हे आपले क्रियमाण झाले. ज्याचे त्याने भोगावे असे म्हणणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावे की त्या पायरीचे कर्म त्या पांगळ्याच्या खात्यावर जमा होत नाही. ते बांधणाऱ्याच्या आणि ती तशीच राहू देणाऱ्याच्या खात्यावर जमा होते. कर्मसिद्धान्त प्रामाणिकपणे मानला तर तो निष्क्रियतेची सनद देत नाही. तो आपल्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो.

ही पायरी कशी असते ते जवळून पाहिले पाहिजे. एका तालुक्याच्या ठिकाणी एक सरकारी कचेरी आहे. तिच्या दारापुढे तीन पायऱ्या, मिळून उंची दीड फूट. चाकाची खुर्ची स्वतःच्या हातांनी चढविता यावी यासाठी एक फूट उंचीला निदान बारा फूट लांबीचा उतार असावा असे सरकारचेच प्रमाण आहे. त्या हिशेबाने येथे अठरा फुटांचा उतार हवा होता. प्रत्यक्षात तो सहा फुटांचा आहे, वर गुळगुळीत फरशी बसविलेली आहे, कठडा एकाच बाजूला आहे, आणि वरच्या टोकाला जेथे खुर्ची वळवावी लागते तेथे तुळशीच्या आणि क्रोटनच्या कुंड्या मांडलेल्या आहेत. दाखल्याच्या कामासाठी आलेला एक मध्यमवयीन गृहस्थ त्या उताराच्या पायथ्याशी आपल्या खुर्चीत, कागदांची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलेला मी पाहिला. दोन अनोळखी माणसे पुढे झाली, शिपायाने कुंड्या सरकविल्या, चौथ्याने मागून आधार दिला, आणि त्या चौघांनी त्याला खुर्चीसकट उचलून आत नेले. काम झाल्यावर तसेच बाहेर आणले. त्या गृहस्थाने प्रत्येकाला हात जोडले.

ते चौघे भले होते, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. पण त्यांच्या भलेपणाचा परिणाम काय झाला हे पाहिले म्हणजे मन अस्वस्थ होते. उतार चुकीचा आहे हे त्या दिवशी कोणाच्या लक्षात आले नाही, कारण अडचण निभावून गेली होती. कुंड्या पुन्हा जागच्या जागी आल्या. आणि एक नागरिक, जो स्वतःच्या हक्काच्या कामासाठी आला होता, तो चार जणांचा उपकृत होऊन परत गेला. इतर अर्जदारांनी अर्जाबरोबर केवळ मुद्रांक लावला. ह्याने कृतज्ञताही भरली. उद्या पुन्हा काम निघाले तर पुन्हा भरावी लागेल. आणि ज्याला ती दर वेळी भरणे असह्य होते, असा स्वाभिमानी मनुष्य शेवटी घरीच बसतो; मग आपण म्हणतो की असे लोक कचेरीत येतातच कोठे, त्यांच्यासाठी एवढा खर्च कशाला? २०११ च्या जनगणनेत देशात दोन कोटी अडुसष्ट लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, आणि त्यांतील सुमारे एकोणतीस लाख साठ हजार एकट्या महाराष्ट्रातील आहेत. ही माणसे रस्त्यात दिसत नसतील तर ती नाहीत असे नव्हे. रस्ता तसा आहे म्हणून ती दिसत नाहीत.

आमच्या भक्तिसंप्रदायात कूर्मदासाची कथा मोठ्या प्रेमाने सांगितली जाते. हातपाय नसलेला हा पैठणचा भक्त पंढरीच्या ओढीने लोळत, सरपटत निघाला आणि लऊळपर्यंत पोहोचला. पुढे जाण्याचे त्राण उरले नाही, तेव्हा विठ्ठल स्वतः तेथे येऊन त्याला भेटला. माढे तालुक्यातील त्या गावी आजही त्याचे मंदिर आहे. कीर्तनात ही कथा ऐकताना कूर्मदासाच्या निष्ठेने आपले डोळे भरून येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु कथेचा उत्तरार्ध आपण पुरेसा ऐकत नाही. भक्त पोहोचू शकत नाही असे दिसताच देवाने काय केले? त्याने भक्ताच्या धैर्याची स्तुती करून त्याला आणखी लोळावयास सांगितले नाही. वीट सोडून तो स्वतः निघाला. जे अंतर भक्ताला कापता येत नव्हते ते कापण्याची जबाबदारी देवाने आपल्याकडे घेतली. या कथेतला विठ्ठल ज्यांना प्रमाण आहे त्यांनी आपल्या देवळांपुढच्या पायऱ्यांकडे एकदा नीट पाहावे. व्यंगावर मात करणाऱ्यांच्या कौतुकाचे सत्कारसमारंभ आपण पुष्कळ करतो. ती मात ज्यावर करावी लागली तो अडथळा मात्र सत्काराच्या व्यासपीठाला पायऱ्यांच्या रूपाने तसाच चिकटलेला असतो.

सरपटण्याचा आणखी एक प्रसंग इतिहासात नमूद आहे. १२ मार्च १९९० रोजी वॉशिंग्टनमध्ये अनेक अपंग स्त्रीपुरुषांनी आपल्या खुर्च्या आणि कुबड्या खाली ठेवल्या आणि संसदभवनाच्या पायऱ्या हाताकोपरांवर सरपटत चढून दाखविल्या. त्यांत आठ वर्षांची एक मुलगीही होती. ते कोणाची करुणा भाकीत नव्हते. अपंगांच्या हक्कांचा रखडलेला कायदा मंजूर करा, अशी त्यांची मागणी होती, आणि त्याच वर्षाच्या जुलैमध्ये तो मंजूर होऊन त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. कूर्मदास भक्तीने सरपटला आणि ती माणसे न्यायासाठी सरपटली. पण दोन्हीकडे उत्तर एकाच दिशेने यावयाचे होते, वरून खाली.

आमच्याकडे देवळाच्या दाराचा प्रश्न नवा नाही. १९३० साली डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला. १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राण पणास लावले. अस्पृश्यतेचे पाप आणि पायरीचा अडथळा या दोन गोष्टी एकाच मापाने मोजता येणार नाहीत हे मी जाणतो. तेथे द्वेष आणि तिरस्कार होता, येथे बहुधा विस्मरण आहे. पण दाराबाहेर राहिलेल्या माणसाच्या दृष्टीने पाहिले तर त्याला बाहेर ठेवणाऱ्याच्या मनात काय होते याने त्याचे दर्शन घडत नाही. सर्वांसाठी उघडलेले दार जर पन्नास पायऱ्यांच्या वर असेल तर ते सर्वांसाठी उघडलेले नाही.

यावर अद्वैती म्हणतील की आत्मा सर्वांचा सारखाच आहे, देह हा गौण आहे, मग देहाच्या अडचणींचा एवढा बाऊ कशाला? हा युक्तिवाद नेहमी धडधाकट माणूस करतो. सर्वांभूती एकच आत्मा आहे हे खरे असेल तर पायथ्याशी थांबलेला आणि गाभाऱ्यात उभा असलेला यांच्यात जो भेद झाला तो आत्म्याने केलेला नाही, दगडाने केलेला आहे. आणि दगडाने केलेला भेद दगड हलवूनच मिटवावा लागतो, श्लोक म्हणून मिटत नाही. गेल्या शतकाच्या आरंभी विदर्भात गुलाबराव महाराज होऊन गेले. जन्मल्यापासून अवघ्या काही महिन्यांत त्यांची दृष्टी गेली होती. तरी ३४ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी विपुल ग्रंथरचना केली, ती लोकांकडून ग्रंथ वाचवून घेऊन आणि लेखकांकरवी लिहवून घेऊन. त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणून आपण वंदन करतो. पण त्या प्रज्ञेपर्यंत ग्रंथ पोहोचविणारे वाचक होते हे विसरतो. आज एखाद्या अंध विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक मिळण्यासाठी अर्जावर अर्ज करावे लागतात, तेव्हा आपण त्याची प्रज्ञाच दारात अडवून धरलेली असते.

मग यावर धर्माच्या भाषेत उपाय कोणता? आजवर आपण हा सारा व्यवहार दानाच्या सदरात टाकला. दानाने देणाऱ्याला पुण्य लागते. ते किती द्यावे, केव्हा द्यावे, द्यावे की न द्यावे, हे देणाऱ्याच्या मर्जीवर असते. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन वसविले तेव्हा या मर्जीवर जगणे त्यांनी नाकारले, आणि कुष्ठरोग्यांच्या हाती भिक्षापात्राऐवजी कुदळ आणि हातमाग दिला. पण आपल्या परंपरेत दानाहून निराळी अशी दुसरी एक कल्पना आहे, आणि ती अधिक कठोर आहे; ती म्हणजे ऋणाची. शतपथ ब्राह्मण सांगते की मनुष्य जन्मतःच ऋणी असतो, देवांचा, ऋषींचा, पितरांचा आणि मनुष्यांचा. ऋण फेडल्याने पुण्य लागत नाही, त्याबद्दल फलक लागत नाही, हार पडत नाहीत. न फेडल्यास मात्र दोष लागतो. सावकार ऋणको माणसाचे आभार मानीत नाही. उतार, उद्वाहक, ब्रेलमधील फलक, बसस्थानकावर कानाबरोबर डोळ्यांनाही कळेल अशी सूचना, ही सर्व मनुष्यऋणाची फेड आहे, आणि म्हणून ती देताना उपकाराची भाषा शोभत नाही.

ज्याला धर्म ऋण म्हणतो, त्यालाच आजचा कायदा हक्क म्हणतो. भारताने २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या अपंगहक्क कराराला संमती दिली, आणि १९९५ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०१६ चा अधिकार कायदा आणला. सार्वजनिक इमारतीच्या त्याच्या व्याख्येत शाळा, रुग्णालये, न्यायालये आणि बसस्थानके यांच्याबरोबर धार्मिक उपयोगाच्या इमारतींचाही स्पष्ट उल्लेख आहे, मग त्या सरकारी असोत वा खाजगी. नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांच्या आत जुन्या सार्वजनिक इमारती सुगम कराव्यात अशी तरतूद त्यात आहे. नियम १५ जून २०१७ रोजी जाहीर झाले. पुढे असे आढळून आले की कायदा बंधनकारक असताना त्याखालच्या नियमाने मात्र सुगमतेची मानके केवळ मार्गदर्शनाच्या स्वरूपात ठेवली होती. राजीव रतुरी या दृष्टिहीन नागरिकाने २००५ साली दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी तो नियम कायद्याशी विसंगत ठरविला आणि तीन महिन्यांत बंधनकारक मानके तयार करण्याचा हुकूम केंद्र सरकारला दिला. एका माणसाने न्याय मागितल्यापासून या निकालापर्यंत एकोणीस वर्षे गेली, एवढे सांगितले म्हणजे आपल्या फेडीची गती कळेल.

खर्चाची सबब सांगितली जाईल. पायऱ्यांनाही खर्च आला होता, कळसाच्या सुवर्णलेपाला येतो, सप्ताहाच्या मंडपाला येतो. तेव्हा कोणी हिशेब विचारला नाही. ज्या विश्वस्तांकडे देवस्थानाची वहिवाट आहे, ज्या शाळासमित्या, गृहसंस्था आणि ग्रामपंचायती नवीन बांधकामाचे नकाशे मंजूर करतात, त्यांना माझी विनंती आहे की पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत उताराचा विषय पहिला घ्यावा, आणि तो ठरविताना खुर्चीत बसणाऱ्या, काठी घेऊन चालणाऱ्या, खुणांनी बोलणाऱ्या गावातल्या माणसांना सल्ल्यासाठी सभेत बोलवावे. आणि ती सभा तळमजल्यावर भरवावी. जीर्णोद्धाराची वर्गणी मागावयास कोणी आपल्या दारी आले तर वाचकांनीही पावती घेण्यापूर्वी एवढे अवश्य विचारावे की पायऱ्यांशेजारी उतार आहे काय. कायद्याने दिलेली पाच वर्षांची मुदत २०२२ च्या जूनमध्येच संपली आहे. त्यानंतर जी सार्वजनिक इमारत, मग ते देऊळ का असेना, पायऱ्यांवर अडून बसली आहे ती ऋण थकविलेली इमारत आहे, आणि ती थकबाकी आपल्या सर्वांच्या नावावर आहे.